विकलतेची परिभाषा आणि भौतिकोपचारतज्ज्ञ

१

एखाद्या व्यवसायातील लोकांना त्यांची परिभाषा कितपत परिचित आहे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. ज्याने व्यवसाय शिकला त्याला त्याचे शब्द ठाऊक असणारच, असे आपण गृहीत धरतो. परंतु शब्द परिचयाचे असणे आणि त्या शब्दांनी दाखविलेले भेद परिचयाचे असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट साधली म्हणजे दुसरी साधलीच असे नाही. किंबहुना कित्येकदा पहिलीच दुसरीच्या आड येते. ह्याचे एक बोधप्रद उदाहरण भौतिकोपचाराच्या, म्हणजे लोकव्यवहारात ज्याला फिजिओथेरपी म्हणतात त्या व्यवसायाच्या, अलीकडील इतिहासात सापडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या चौपन्नाव्या महासभेने २२ मे २००१ रोजी एक वर्गीकरण संमत केले. त्याचे नाव 'इंटरनॅशनल क्लासिफिकेशन ऑफ फंक्शनिंग, डिसॅबिलिटी अँड हेल्थ' असे असून 'आय.सी.एफ.' ह्या आद्याक्षरांनी ते ओळखले जाते. मनुष्याच्या विकलतेचे वर्णन जगभर एकाच पद्धतीने करता यावे, हा त्याचा हेतू. रुग्णाच्या हालचालींशी ज्यांचा रोजचा संबंध येतो त्या भौतिकोपचारतज्ज्ञांना ते किती परिचित आहे, ह्याविषयी त्यानंतर निरनिराळ्या देशांत पाहण्या झाल्या. प्रस्तुत निबंधात त्या पाहण्यांतील आकड्यांचा ऊहापोह करावयाचा नाही. 'परिचित' ह्या शब्दाचा येथे नेमका अर्थ काय, हे ह्या परिभाषेच्या इतिहासावरून पाहावयाचे आहे. त्यासाठी प्रथम पाश्चात्त्य देशांत ही परिभाषा कशी घडली ते पाहू व नंतर महाराष्ट्रातील भौतिकोपचारतज्ज्ञ ज्या दोन भाषांच्या मध्ये उभा असतो त्यांचा विचार करू.

२

वैद्यकाची जुनी परिभाषा रोगांची आहे. १८९३ मध्ये फ्रेंच सांख्यिक झाक बर्तियाँ ह्याने मृत्यूच्या कारणांची यादी तयार केली. तिच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत गेल्या. १९४८ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेकडे ती यादी आली. त्या वर्षीच्या सहाव्या आवृत्तीत मृत्यूच्या कारणांबरोबर जिवंत माणसांच्या आजारांनाही स्थान मिळाले. तथापि आजार सरल्यानंतर जे उरते, त्याला त्या यादीत पुरेसे शब्द नव्हते.

ही उणीव प्रथम कोणाला जाणवली असेल तर ती युद्धातील जखमी सैनिक व पोलिओचे रुग्ण ह्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना. पोलिओचा ज्वर काही दिवसांत उतरतो. पाय मात्र जन्मभर लुळा राहतो. असा मुलगा दहा वर्षांनी दवाखान्यात आला तर त्याला कोणता रोग आहे, असे लिहावयाचे? अमेरिकेत भौतिकोपचाराचा व्यवसाय आकारास आला तो पहिल्या महायुद्धात, आणि स्थिरावला तो पोलिओच्या साथींत. आपल्याकडेही तेच घडले. मुंबईत चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस फातिमा इस्माईल ह्यांनी पोलिओग्रस्त मुलांच्या उपचारांचे काम उभारले. १९५० मध्ये परळच्या के.ई.एम. रुग्णालयात कमला निंबकर ह्यांनी व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. त्याच रुग्णालयात १९५२-५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भारतातील भौतिकोपचाराचे पहिले विद्यालय निघाले आणि १९५५ मध्ये हाजी अली येथे भौतिक वैद्यक व पुनर्वसन ह्यांची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली.

ह्या काळातील भौतिकोपचारतज्ज्ञाची भाषा दोन मापांची होती. पहिले माप स्नायूंच्या बळाचे. बॉस्टनचे रॉबर्ट लव्हेट व त्यांच्या सहकारी विल्हेल्माइन राइट ह्यांनी पोलिओच्या रुग्णांसाठी स्नायूंची परीक्षा पद्धतशीर केली आणि ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४३ च्या सुमारास ० ते ५ अशी जी श्रेणी रूढ केली ती आजही चालू आहे. दुसरे माप सांध्याच्या हालचालीचे, अंशांत मोजलेले. ही दोन्ही मापे नेमकी आहेत व उपयुक्तही आहेत. परंतु गुडघा नव्वद अंश वाकतो असे लिहिल्याने त्या गुडघ्याचा मालक आपले दिवसाचे व्यवहार कसे करतो हे कळत नाही. एकाच प्रमाणात गुडघा आखडलेली दोन माणसे घ्या. एक कचेरीत खुर्चीवर बसून लिहिणारा कारकून, दुसरी कोकणात आषाढात भाताची लावणी करणारी मजूर स्त्री. मापनाच्या भाषेत दोघांत काही भेद नाही. जीवनात जमीनअस्मानाचे अंतर आहे. हे अंतर सांगणारी परिभाषा त्या भाषेत नव्हती.

३

ती परिभाषा घडविण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न वैद्याने नव्हे, तर समाजशास्त्रज्ञाने केला. ओहायो राज्य विद्यापीठातील साद नागी ह्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात चार संकल्पना वेगळ्या केल्या. पहिली, शरीरात चालू असलेली विकृती. दुसरी 'इम्पेअरमेंट', म्हणजे शरीराच्या रचनेत किंवा कार्यात आलेली क्षती. तिसरी 'फंक्शनल लिमिटेशन', म्हणजे चालणे, वाकणे, उचलणे ह्यांसारख्या क्रियांत आलेली कार्यमर्यादा. आणि चौथी 'डिसॅबिलिटी', म्हणजे समाजाने ज्या भूमिका व जी कामे त्या व्यक्तीकडे सोपविलेली असतात ती पार पाडण्यातील असमर्थता. नागींच्या मांडणीत डिसॅबिलिटी हा शरीराचा गुणधर्म नाही. व्यक्तीच्या क्षमता व तिच्या परिस्थितीच्या मागण्या ह्यांच्यामधील तफावतीचे ते नाव आहे. वरच्या उदाहरणातील कारकून व मजूर स्त्री ह्यांची क्षती सारखी, कार्यमर्यादाही बहुधा सारखी. डिसॅबिलिटी मात्र भिन्न, असे आता म्हणता येऊ लागले.

नागींच्या निबंधानंतर थोड्याच वर्षांनी हाच शब्द आणखी दोन ठिकाणी आणखी दोन अर्थांनी वापरला गेला, आणि येथून आपल्या विषयाची खरी गुंतागुंत सुरू होते.

ब्रिटनमध्ये विकल व्यक्तींनीच चालविलेल्या 'युनियन ऑफ द फिजिकली इम्पेअर्ड अगेन्स्ट सेग्रिगेशन' ह्या संघटनेने १९७६ मध्ये आपली मूलतत्त्वे प्रसिद्ध केली. तीत इम्पेअरमेंट म्हणजे शरीरातील उणीव आणि डिसॅबिलिटी म्हणजे अशा व्यक्तींवर समाजव्यवस्थेने लादलेला निर्बंध, अशी काटेकोर विभागणी होती. ह्या अर्थी डिसॅबिलिटी हा तफावतीचाही प्रश्न नाही. तो अन्यायाचा प्रश्न आहे. पुढे 'सामाजिक प्रतिमान' म्हणून जी विचारसरणी प्रसिद्धीस आली तिचे मूळ येथे आहे.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य महासभेने रोगांच्या परिणामांचे एक वर्गीकरण प्रायोगिक म्हणून प्रसिद्ध करण्यास मान्यता दिली. मँचेस्टरचे फिलिप वुड हे त्याचे प्रमुख शिल्पकार होत. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या 'आय.सी.आय.डी.एच.' नामक वर्गीकरणात रोगापासून इम्पेअरमेंट, इम्पेअरमेंटपासून डिसॅबिलिटी व तिच्यापासून 'हँडिकॅप' अशी परंपरा दाखविलेली होती. येथे डिसॅबिलिटीचा अर्थ क्रिया करण्याच्या शक्तीतील उणीव, म्हणजे नागींच्या परिभाषेतील कार्यमर्यादेच्या जवळचा. नागी ज्याला डिसॅबिलिटी म्हणतात त्याला येथे हँडिकॅप हे नाव.

१९८० च्या सुमाराची ही स्थिती भाषाभ्यासकाने मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी आहे. एकाच विषयावर, एकाच भाषेत लिहिणारे तीन गट एकच शब्द तीन अर्थांनी वापरीत होते. क्रियेतील उणीव हा एक अर्थ, भूमिकेतील असमर्थता हा दुसरा, समाजाने लादलेला निर्बंध हा तिसरा. शब्द नवा असता तर वाचक थबकला असता व त्याने अर्थ विचारला असता. परिचित शब्दाचा धोका हा की, तो वाचताना कोणी थबकत नाही.

४

१९८० च्या वर्गीकरणावर टीका झाली ती मुख्यतः तीन कारणांनी. एक तर त्यातील परंपरा एकाच दिशेने जाणारी होती. जणू क्षती झाली की पुढचे सारे ओघाने येणारच. दुसरे, परिसराला त्यात स्वतंत्र स्थान नव्हते. जिना, रस्ता, शेजारी, कायदा ह्यांचा परिणाम हँडिकॅपच्या व्याख्येत गृहीत धरलेला होता, पण त्यांची नोंद करावयास जागा नव्हती. तिसरे, हँडिकॅप हा शब्दच विकल व्यक्तींच्या संघटनांना अवमानकारक वाटत होता. १९९३ पासून ह्या वर्गीकरणाची पुनर्रचना सुरू झाली. मसुदे निरनिराळ्या देशांत पाठवून तपासण्यात आले. शब्दांचे भाषांतर व पुनर्भाषांतर करून कोणत्या संकल्पना एका संस्कृतीतून दुसरीत टिकून राहतात ह्याचाही शोध घेण्यात आला व तो २००१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. वैद्यकीय वर्गीकरणासाठी इतका भाषिक खटाटोप पूर्वी क्वचितच झाला असेल.

ह्यातून निघालेल्या २००१ च्या वर्गीकरणात हँडिकॅप हा शब्द वगळला गेला. डिसॅबिलिटी हा शब्द राहिला, पण चौथ्याच अर्थाने. क्षती, कृतिमर्यादा व सहभागनिर्बंध ह्या तिघांना मिळून देण्याचे ते एक छत्रनाम झाले. त्याच्या उलट बाजूस 'फंक्शनिंग' हे छत्रनाम असून शरीरकार्ये, शरीररचना, कृती व सहभाग ही त्याची अंगे होत. बाण एकेरी न ठेवता दुहेरी करण्यात आले. परिसरघटकांची स्वतंत्र यादी देण्यात आली व तेथे प्रत्येक घटक अडथळा आहे की साहाय्यक आहे हे नोंदविण्याची सोय झाली. वय, शिक्षण, स्वभाव ह्यांसारखे व्यक्तिगत घटक मान्य करण्यात आले. मात्र त्यांची यादी केली गेली नाही.

प्रत्येक यादीला एक अक्षर दिलेले आहे: शरीरकार्यांना बी, शरीररचनेला एस, कृती व सहभाग ह्यांना डी, परिसरघटकांना ई. त्यापुढील अंक प्रकरण व पोटप्रकरण दाखवितात. उदाहरणार्थ, बी ७१० म्हणजे सांध्याची हालचाल, डी ४५० म्हणजे चालणे, ई १२० म्हणजे व्यक्तीच्या हिंडण्याफिरण्याची साधने. एकंदर नोंदी १,४०० हून अधिक आहेत. प्रत्येक नोंदीपुढे ० ते ४ अशी तीव्रतेची श्रेणी द्यावयाची असते.

ह्या रचनेतील एक भेद आपल्या विवेचनास फार महत्त्वाचा आहे. डी यादीतील प्रत्येक नोंदीचे दोन प्रकारे मापन करता येते. सर्वसाधारण, प्रमाणित परिस्थितीत, कोणाच्याही मदतीशिवाय व्यक्ती जास्तीत जास्त काय करू शकेल, ही झाली क्षमता. तीच व्यक्ती तिच्या नेहमीच्या परिस्थितीत वस्तुतः काय करते, हे झाले तिचे आचरण. दोहोंतील अंतर परिसराने पाडलेले असते. क्षमता आहे पण आचरण नाही, तर अडथळा शोधावा. क्षमता थोडी पण आचरण पुष्कळ, तर कोणते साहाय्य काम करीत आहे ते पाहावे.

वर्गीकरणात दोषही आहेत. कृती व सहभाग ह्या दोन संकल्पनांना एकच यादी आहे व तिची विभागणी करण्याचे चार पर्याय ग्रंथातच दिलेले आहेत. ज्या ठिकाणी भेद करणे सर्वांत अवघड, त्या ठिकाणी वापरणाऱ्याला मोकळे सोडलेले आहे. संशोधकांनी ह्याविषयी तक्रार केली ती रास्तच होय.

५

आता भौतिकोपचारतज्ज्ञांकडे वळू. अमेरिकेत नागींची चौकट ह्या व्यवसायात रुजविण्याचे श्रेय मुख्यतः ॲलन जेट ह्यांच्या १९९४ च्या लेखनाकडे जाते. १९९७ मध्ये अमेरिकन संघटनेने व्यवसायाचे जे मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले ते नागींच्या चौकटीवर उभे होते; त्याची दुसरी आवृत्ती २००१ मध्ये, म्हणजे नेमके नवे वर्गीकरण संमत झाले त्याच वर्षी, जुन्या चौकटीसहच निघाली. दरम्यान युरोपात नव्या वर्गीकरणाचा उपयोग सुरू झाला. वर्नर स्टाइनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये त्यावर आधारलेला एक-पानी तक्ता सुचविला. त्यात रुग्णाचे स्वतःचे शब्द वरच्या बाजूस व उपचारकाची निरीक्षणे खालच्या बाजूस लिहावयाची होती. म्युनिक येथील संशोधकांनी एकेका आजारासाठी निवडक नोंदींचे संच तयार केले. २००६ मध्ये स्वतः जेट ह्यांनीच समान भाषेची आवश्यकता प्रतिपादन केली. जून २००८ मध्ये अमेरिकन संघटनेने नवे वर्गीकरण स्वीकारल्याचे जाहीर केले आणि २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तीत मार्गदर्शक पुस्तकाची परिभाषा त्याप्रमाणे बदलण्यात आली.

संमतीपासून स्वीकारापर्यंत सात वर्षे व पुस्तकात शिरेपर्यंत तेरा वर्षे गेली, ती का? आळस किंवा अज्ञान हे त्याचे कारण मानणे हा अन्याय होईल. माझ्या मते ह्या विलंबाचे एक कारण भाषिक आहे. ज्यांना काहीच ठाऊक नव्हते त्यांना नवी परिभाषा शिकावयाची होती. ज्यांना नागी ठाऊक होते त्यांना जुनी विसरावयाची होती. 'इम्पेअरमेंट' हा शब्द दोन्हींकडे जवळजवळ सारखा, त्यामुळे बाकीचे शब्दही सारखेच असतील असे वाटणे साहजिक होते. पण डिसॅबिलिटी पूर्वी साखळीचे शेवटचे टोक होती, ती आता सगळ्या साखळीचे नाव झाली. अशा वेळी 'हे वर्गीकरण तुम्हांला परिचित आहे काय?' ह्या प्रश्नाला प्रामाणिकपणे दिलेले 'होय' हे उत्तरही फसवे ठरू शकते.

म्हणून परिचयाच्या पायऱ्या वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली पायरी नावाची. दुसरी आकृतीची: सहा चौकोन व त्यांना जोडणारे बाण परीक्षेत काढून दाखविता येणे. तिसरी भेदांची: रुग्णाचे एखादे वाक्य ऐकल्यावर ते क्षतीविषयी आहे, क्षमतेविषयी आहे, आचरणाविषयी आहे की परिसराविषयी आहे, हे सांगता येणे. चौथी सांकेतिक अंकांची. पाहण्यांतील प्रश्नावल्या सामान्यतः पहिल्या दोन पायऱ्या सहज मोजतात. चौथीचा अभाव पाहून टीकाकार निराश होतात. परंतु अंक हे मुख्यतः सांख्यिकांच्या सोयीचे आहेत व ते पाठ नसले म्हणून उपचार बिघडत नाही. उपचार बिघडतो तो तिसरी पायरी चुकल्यामुळे.

६

महाराष्ट्रातील भौतिकोपचारतज्ज्ञाची स्थिती आणखी एका दृष्टीने निराळी आहे. त्याचे शिक्षण इंग्रजीत होते, केसपेपर तो इंग्रजीत लिहितो. रुग्णाशी मात्र मराठीत बोलतो. विकलतेची चौकट त्याच्याकडे इंग्रजीतून येते व इंग्रजीतच राहते. तेव्हा मराठीत ह्या विषयाची शब्दसंपत्ती कोणत्या प्रकारची आहे, हे पाहणे अगत्याचे होते.

मराठीतील नामे व विशेषणे पाहिली तर ती सारी व्यक्तीच्या देहावर बोट ठेवणारी आहेत. आंधळा, पांगळा, मुका, बहिरा हे शब्द एकनाथांच्या भारुडांत आध्यात्मिक रूपके म्हणून आलेले आहेत; थोटा, लुळा, अधू हे नित्याच्या बोलण्यातले. अपंग, विकलांग ही त्यामानाने सभ्य व शासकीय नावे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात 'दिव्यांग' हा शब्द सुचविला, व तो पुढे केंद्र शासनाच्या विभागाच्या नावात आला. महाराष्ट्रात ३ डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे. ह्या बदलात आदराची भावना आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु विकलांग आणि दिव्यांग ह्या दोन्ही शब्दांचे उत्तरपद 'अंग' हेच आहे. पूर्वपद निंदेचे असो वा स्तुतीचे, विकलतेचे ठिकाण अंग हेच राहिले. जिना, फूटपाथ किंवा शेजाऱ्याची नजर ह्यांना त्या शब्दात प्रवेश नाही.

नामांपेक्षा क्रियापदांकडे पाहिले तर मात्र चित्र पालटते. मराठी व्याकरणात ज्याला शक्य क्रियापद म्हणतात ते रूप घ्या. जिन्याविषयी रुग्ण पुढील चार वाक्ये बोलू शकतो: 'मला जिना चढवत नाही.' 'मला जिना चढता येत नाही.' 'मी जिना चढत नाही.' 'मला जिना चढू देत नाहीत.' पहिल्या वाक्यात देहाची शक्ती अपुरी पडते. दुखते, दम लागतो, पाय साथ देत नाही. दुसऱ्यात शक्यतेचा अभाव आहे, पण त्याचे कारण देहात असेल किंवा बाहेर असेल. कठडा नाही म्हणूनही चढता येत नाही. तिसऱ्यात केवळ वस्तुस्थिती आहे: शक्ती असो वा नसो, ही क्रिया घडत नाही. चौथ्यात दुसरी माणसे आहेत. मुलगा, सून किंवा वैद्य ह्यांनी मना केले आहे. स्थूलमानाने पहिले वाक्य क्षती व क्षमता ह्यांच्या बाजूचे, तिसरे आचरणाचे, चौथे परिसराचे. आणि दुसरे ऐकले की आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. हे साम्य पूर्ण आहे असे मला म्हणावयाचे नाही. शक्य क्रियापद कधी मनाची तयारी नसल्याचेही दर्शविते. 'मला बघवत नाही' ह्या वाक्यात डोळ्यांचा दोष नसतो. शिवाय 'चढवणे' हेच रूप प्रयोजक अर्थानेही वापरले जाते. तथापि ज्या भेदांसाठी जिनिव्हात अनेक वर्षे मसुदे होत राहिले, त्यांपैकी पुष्कळसे भेद आपल्या निरक्षर आजीबाईंच्या बोलण्यात आयतेच असतात, एवढे निश्चित.

आता ह्या चार वाक्यांचे केसपेपरवर काय होते ते पाहावे. चारही वाक्यांची नोंद 'डिफिकल्टी इन स्टेअर क्लाइम्बिंग' ह्या एकाच ओळीत होण्याचा संभव असतो. रुग्णाने केलेला भेद नोंद करणाऱ्याच्या भाषांतरात पुसला जातो. वर्गीकरण ज्याला परिचित आहे त्याच्याच हातून हे घडते, आणि त्याला ते कळतही नाही. कारण त्याला परिचित असलेल्या आकृतीतील शब्द इंग्रजी आहेत व कानावर पडलेले वाक्य मराठी आहे.

७

ह्या पुसलेल्या भेदाने काय बिघडते, असे कोणी विचारील. त्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, गुडघ्यांच्या संधिवाताने पीडित अशा एका साठीतील बाईंना भौतिकोपचार चालू आहेत. दोन महिन्यांत गुडघा नव्वद अंशांऐवजी एकशे दहा अंश वाकू लागला, वेदना उणावली, स्नायूंचे बळ वाढले. कागदोपत्री उपचार सफल झाला. बाई मात्र अद्याप सांगतात, 'उकिडवं बसवत नाही.' गॅलरीच्या टोकाचा शौचकूप भारतीय पद्धतीचा असल्याने त्या पाणी कमी पितात, आणि कीर्तनाला जाणे तर त्यांनी सोडूनच दिले आहे.

नव्या वर्गीकरणात ह्या प्रत्येक गोष्टीला जागा आहे. उकिडवे बसणे ही डी ४१०१ क्रमांकाची स्वतंत्र नोंद असून, जमिनीलगतच्या शौचकुपासाठी ही बैठक लागते, असा उल्लेख तिच्या व्याख्येतच आहे. खाली बसण्याच्या नोंदीत मांडी घालून बसण्याचाही समावेश केलेला आहे. चढणे डी ४५५१, घराची बांधणी ई १५५, धर्म व अध्यात्म डी ९३०. म्हणजे हे वर्गीकरण केवळ खुर्चीवर बसणाऱ्यांचे नाही; आपल्या बाईंचे प्रश्न त्यात जवळजवळ शब्दशः आहेत. पण ज्याने ते आकृतीपुरते शिकले त्याला हे कळणार नाही, आणि तो एकशे दहाचे एकशे वीस अंश करण्याच्या मागे लागेल. शौचकुपावर ठेवावयाची खुर्ची, जिन्याला कठडा, कीर्तनाला नेणारी शेजारीण हे त्याच्या उपचारात बसणार नाहीत.

हाच प्रश्न कायद्याच्या क्षेत्रात अधिक गंभीर होतो. जिनिव्हात वर्गीकरण संमत झाल्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी, १ जून २००१ रोजी, भारत सरकारने विकलता-प्रमाणपत्रासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत हातापायांच्या विकलतेची मोजणी सांध्याची हालचाल, स्नायूंचे बळ, तोल इत्यादींवरून टक्केवारीत करावयाची होती. दोन ठिकाणची विकलता असल्यास मोठ्या टक्केवारीत लहानीचा काही अंश मिळविण्याचे सूत्रही दिलेले होते. १९९५ च्या कायद्याने सवलतींसाठी चाळीस टक्क्यांची मर्यादा घातलेली होती. भारताने २००७ मध्ये विकल व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार अनुसमर्थित केला, व त्याला अनुसरून २०१६ चा कायदा आला. ह्या कायद्याची व्याख्या नव्या विचाराची आहे: दीर्घकालीन क्षती व अडथळे ह्यांच्या परस्परसंबंधातून सहभागास येणारी बाधा, असे तिचे स्वरूप आहे. विकलतेचे प्रकारही सातावरून एकवीस झाले. परंतु 'लक्षणीय विकलते'ची मर्यादा चाळीस टक्केच राहिली व टक्के मोजावयाचे ते अजूनही मुख्यतः देहाचे. व्याख्या एका परिभाषेत व मोजणी दुसऱ्या परिभाषेत, अशी ही अवस्था आहे.

प्रशासनाला एखादी रेषा आखावी लागते, हे मान्य. मात्र त्या रेषेच्या अलीकडे एकोणचाळीस टक्क्यांवर राहिलेल्या माणसाचे आयुष्य कसे आहे हे सांगण्याचे साधन कोणाच्या हाती असेल, तर ते भौतिकोपचारतज्ज्ञाच्या नोंदीत आहे. ती नोंद अंशांपुरती राहिली तर त्या माणसाच्या बाजूने बोलणारा एकही कागद उरत नाही.

८

ह्या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. १९६५ ते २००१ ह्या काळात विकलतेच्या परिभाषेत जे बदल झाले त्यांत शब्द बहुतांशी तेच राहिले व अर्थ सरकले. म्हणून भौतिकोपचारतज्ज्ञांचा ह्या परिभाषेशी असलेला परिचय शब्दांवरून मोजता येणार नाही. तो भेदांवरून मोजला पाहिजे. हे भेद मराठी रुग्णाच्या वाक्यरचनेत विद्यमान आहेत, पण ते शिक्षणाच्या इंग्रजी परिभाषेशी जोडले गेलेले नाहीत.

ह्यातून संशोधक विद्यार्थ्यांसाठी एक कार्य निघते. वर्गीकरण परिचित आहे काय, असे उपचारकांस विचारण्याऐवजी त्यांच्या नोंदी घ्याव्यात व त्यांतील प्रत्येक विधान क्षती, कृती, सहभाग व परिसर ह्यांपैकी कोठे बसते ते ठरवावे. अशी जोडणी कशी करावी ह्याचे नियम म्युनिकच्या संशोधकांनी २००२ मध्ये घालून दिले व पुढे सुधारले. ते वापरण्याजोगे आहेत. त्याबरोबरच, रुग्णाच्या संमतीने व त्याची ओळख न देता, त्याची मूळ मराठी वाक्येही उतरून घ्यावीत. वाक्यात असलेला भेद नोंदीत टिकला की गळाला, एवढे तपासले तरी परिचयाचे खरे माप मिळेल. हे काम एकट्या भौतिकोपचाराच्या विभागाचे नाही व एकट्या भाषाविज्ञानाच्या विभागाचेही नाही. दोघांनी एकत्र बसून करावयाचे आहे. त्याचा आरंभ एखाद्या रुग्णालयातील पन्नास केसपेपरांपासून करण्यासही हरकत नाही.